काटकीच्या खाली

आमच्या घराच्या उत्तरेला वारा अडवणारी झाडांची रांग आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्यातला पॉपलर वादळात आडवा झाला आणि खिंडार पडलं. तिथे मी ओक लावला. साधासुधा नाही, बर ओक! शेयेन नदीकाठच्या म्हाताऱ्या झाडाखालून बोंडं, म्हणजे त्याची फळं, मीच वेचली. ओळखायला चूक होणंच शक्य नाही: बोंडाच्या टोपीला लोकरीसारखी झालर, पान कमरेत बारीक, कोवळ्या फांदीवरसुद्धा बुचासारखे कंगोरे. वणव्यातून वाचतो, उणे चाळीसमध्ये उभा राहतो. कसला भारी आहे तो!

पहिल्या उन्हाळ्यात रोप वीतभर झालं. मग हिवाळ्यात सशानं ते बुडापर्यंत कुरतडलं. मे संपत आला, सगळी रांग हिरवीगार, आणि माझ्या ओकच्या जागी बोटभर काटकी.

शनिवारी सकाळी ऑर्व्हिल आजोबा पॉपलरचं रोप आणि फावडं घेऊनच आले.

"गेला तुझा ओक, सिग्ने. पॉपलर कसा, पाच वर्षांत घराएवढा होतो."

"आणि पडला कोण?"

"तोंड फार चालायला लागलंय हल्ली."

"थांबा, आधी मी खणते. मूळ मेलेलं निघालं तर पॉपलर मीच लावीन, वर महिनाभर खुराडं साफ करीन."

"महिनाभर? खण, खण!"

काटकीपासून हातभर लांब खड्डा घेतला आणि काटकीच्या बाजूची माती बोटांनी खरवडत गेले. मूळ सापडलं. अंगठ्याएवढं जाड! माझं कोपर आत गेलं, मग खांदा. ते खालीच चाललं होतं. आजोबा बघत होते. मग कुरकुरणारे गुडघे टेकून तेही खणू लागले. कमरेइतक्या खोलीवर त्यांनी नखानं साल जराशी खरवडली. आत ओलं, पांढरंशुभ्र.

"अगं, हा तर वर यायच्या आधी पाण्याला गेलाय," ते हळूच म्हणाले.

"मग पॉपलर?"

"शेजारच्या हॅल्वरला देऊ. त्याला सगळ्याचीच घाई असते."

माती त्यांनीच लोटली, हातांनी. सशासाठी जाळीही त्यांनीच ठोकली.

चार जूनला काटकीच्या बुडाशी दोन गुलाबी कोंब दिसले. धावत सांगायला निघाले, तर जाळीच्या खुंटीवर आजोबांची टोपी लटकलेली. माझ्या आधीच येऊन गेले होते!