अभिनंदनाचा ठराव

माझ्या बायकोला, हर्षालीला, एक्केचाळिसाव्या वर्षी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आजार, निघाला. तोवर घरात आम्ही त्याला वेंधळेपणा म्हणत होतो. दूध उतू जायचं, किल्ल्या फ्रिजमध्ये सापडायच्या आणि आमच्या पूजाच्या सहलीचा फॉर्म सहल परत आल्यावर भरला जायचा.

डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. म्हणाले, "बहुतेकांना चांगली मानवते. पण क्वचित कुणाला भास होतात, संशय वाढतो, आणि ज्याला होतं त्याला ते कळत नाही. दीपकराव, लक्ष तुम्ही ठेवायचं. झोप कमी झाली, उगाच शंका यायला लागल्या, तर लगेच फोन करा."

मी मान डोलावली. त्या कामात मी पहिल्यापासून हुशार.

तीन आठवड्यांत दूध उतू जायचं थांबलं. किल्ल्यांना खुंटी आली. पहाटे चारला उठून हर्षाली कपाटं लावू लागली. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो.

मग तिने एक वही सुरू केली. गेटमधून कोण किती वाजता आलं, गाडीचा नंबर, हातात काय होतं. एक पांढरी गाडी दिवसात तीनदा दिसली, तिच्याखाली लाल रेघ. डॉक्टरांचं बोलणं मला आठवलं, नाही असं नाही. पण गंगापूर रोडवरच्या आमच्या अठ्ठावीस फ्लॅटच्या सोसायटीत शंका येणं हा आजार नसतो, पात्रता असते. वार्षिक सभेत चेअरमन निकमकाकांनी वही उंच धरली. "वॉचमनला जमलं नाही ते वहिनींनी केलं." अभिनंदनाचा ठराव झाला, वहिनी बिनविरोध सेक्रेटरी झाल्या. ठरावाला अनुमोदन मी दिलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "काही बदल?"

"फारच सुधारणा. सेक्रेटरी झाली."

"झोप?"

"लवकर उठते," मी म्हणालो. हर्षाली दाराकडे बघत होती.

त्याच आठवड्यात तिने कामाला येणाऱ्या सविताला काढून टाकलं. सविता पोळ्यांत काहीतरी घालते म्हणे.

"काय घालते?"

"तेच शोधतेय."

सोसायटीच्या ग्रुपवर तिच्या मेसेजला नऊ अंगठे आले आणि आणखी दोन घरांनी सविताला नको म्हणून सांगितलं. ती मला गेटपाशी भेटली. काम मागेल असं वाटलं होतं.

"दादा, ताईंना बरं नाय. माझ्याशी बोलतात तवा माझ्या मागं कुणी उभं हाय असं बघतात. दाखवा कुणाला तरी."

"बघतो," मी म्हणालो.

रविवारी सकाळी सेक्रेटरींचा मेसेज आला. टाकीत विष आहे, पाणी पिऊ नये. अठ्ठावीस घरांनी हंडे-कळश्या ओतून दिल्या. निकमकाकांनी टँकर मागवला आणि खाली लिहिलं, सेक्रेटरी असावी तर अशी.

टँकर आल्याचं सांगायला मी गच्चीवर गेलो. हर्षाली अनवाणी कठड्याला टेकून उभी होती. दोन दिवस पाणी प्यायली नव्हती, ओठ फुटले होते. पूजाचं मनगट तिने इतकं घट्ट धरलं होतं की पोरीची बोटं पांढरी पडली होती.

"टँकरवालाही त्यांचाच."

"कुणाचा?"

तिने पूजाला आणखी जवळ ओढलं. "माहीत नसल्याचं छान दाखवतोस. हिला मी त्यांच्या हाती देणार नाही." आणि तिने एक पाय कठड्यावर ठेवला.

मी तिला कमरेला धरून मागे ओढलं. पूजा सुटली, जिन्याकडे पळाली. निकमकाका वर आले, मग दोघांनी मिळून हर्षालीला खाली आणलं. ती ओरडली नाही. जिन्यात फक्त किती वाजले ते विचारलं.

गाडीतून मी डॉक्टरांना फोन केला. गोळी सुरू झाल्यावर अकरा आठवड्यांनी.

दवाखान्यात त्यांनी विचारलं, "हे कधीपासून?" मी वही पुढे केली. त्यांनी पहिलं पान वाचलं, तारीख वाचली, पुढची पन्नासेक पानं चाळली.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"ठराव झाला होता," मी म्हणालो.

महिन्याने ती घरी आली. ती गोळी बंद, दुसऱ्या दोन सुरू. कानात यायचे ते आवाज थांबलेत म्हणते. दूध उतू जातं, मी ओटा पुसतो. पूजा अजून तिच्याबरोबर एकटी थांबत नाही. डॉक्टरांनी मला रोज लिहून ठेवायला सांगितलंय: झोप, जेवण, कुणाविषयी काय बोलली. त्यासाठी मी वही केली आणि शर्टांच्या खाली ठेवली.

मंगळवारी ऑफिसातून आलो तर वही हर्षालीच्या मांडीवर होती. तिने शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि मला परत दिली.

"सोमवारी साडेदहाला झोपली असं लिहिलंयस. दहा पन्नास झाले होते." तिने पेन पुढे केलं. "नोंद नीट ठेवत जा."

मी खोडून दहा पन्नास केलं. ती बघत होती.