कवळीवाल्या ताईंचा आवाज

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ताई एकवीस वर्षं कवळ्या बनवत होत्या. जन्मापासून त्यांना ऐकू येत नव्हतं, पण एखाद्याची कवळी नीट बसली की नाही हे डॉक्टरांच्या आधी त्यांना कळायचं. डॉक्टर पेशंटला 'सासूबाई साठ साड्या' म्हणायला लावून कान टवकारत बसायचे. ताई दारातूनच ओठ बघायच्या आणि म्हणायच्या, "वरचे दात लांब झालेत." मोजलं की लांबच निघायचे.

ताई बोलायच्या. शाळेतल्या बाईंनी त्यांचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून, तोंडासमोर कागदाचा कपटा धरून एकेक अक्षर शिकवलं होतं. त्यामुळे आवाज ही ताईंच्या लेखी अंगात घडणारी गोष्ट होती. 'म' ओठांवर मुंगीसारखा चालायचा, 'ऊ' छातीत घुमायचा, 'ई' पार कपाळापर्यंत जायची. थरथर इतकी बारीक, म्हणजे आवाजही नाजूकच असणार, कवळीवर शेवटी फिरवायच्या सहाशे नंबरच्या पॉलिशपेपरइतका मऊ, अशी त्यांची पक्की समजूत होती. घरी विचारलं की सगळे म्हणायचे, "छान आहे." असलं 'छान' ताई ओळखून होत्या, पाहुण्यांची बाळं बघून त्या स्वतः तेच म्हणायच्या. पण आपल्या बाबतीत ते खरं मानायला काय जात होतं?

एक मात्र खटकायचं. दोन वाक्यं झाली की अनोळखी माणूस हमखास विचारायचा, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" पूर्वी त्या कानाकडे बोट दाखवायच्या. मग समोरचा ओशाळायचा, ओठ वेडेवाकडे करून एकेक शब्द बोलायला लागायचा आणि होतं तेवढंही वाचता येईनासं व्हायचं. शेवटी त्यांनी सोपं उत्तर शोधलं. "लांबची," म्हणायचं. एका टॅक्सीवाल्याने तर बोलण्याच्या ढबीवरून त्यांना आपल्या आत्याच्या गावची ठरवलं आणि पिशव्या तिसऱ्या मजल्यापर्यंत उचलून आणल्या. ताईंनी आत्याची खुशालीही विचारली.

अशात दवाखान्यात घोषणावाल्या बाई आल्या. बस स्थानकावर बत्तीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. गाडी उशिरा आली असेल, त्यांचं वाक्य कधी अडखळलं नव्हतं. आता सगळे दात गेले होते आणि नवी कवळी लावली की 'स'ला शिट्टी वाजत होती.

"हा माझा आवाज नाही," त्यांनी डॉक्टरांना सुनावलं. "ही कोण बाई माझ्या तोंडात बसलीय?"

"सवय होईल, बाई. दिवसभर लावून बोलत राहा."

"लोकांसमोर शिट्ट्या मारत फिरू?" असं म्हणून त्यांनी कवळी काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवली. दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि त्यांना मागच्या खोलीत पाठवलं.

खोलीत सगळीकडे प्लास्टरची पांढरी पूड. ताईंनी हात पुसले, स्टूल पुढे केलं. बाई बसल्या आणि बिनदातांनीच तक्रारींचा पाढा वाचू लागल्या. ताईंना एक अक्षर कळेना. दात नसले की ओठ आत वळतात, आणि मग ते वाचणं म्हणजे पुसलेला फळा वाचणं.

"दात लावा," ताई म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणताय ते मला दिसत नाही."

नाइलाजाने बाईंनी कवळी चढवली. पहिल्याच वाक्याला शिट्टी वाजली तशा त्या चपापल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, समोरच्या बाईला शिट्टी ऐकूच येत नाही. त्या सैलावल्या आणि पंधरा मिनिटं डॉक्टरांविषयी मनसोक्त बोलल्या. ताई जिभेच्या शेंड्यावर नजर ठेवून होत्या.

"पुढच्या दातांमागे जाड झालंय. जिभेला जागा नाही. मी घासून देते. उद्या या."

"मला काय विचारता? तुम्ही सांगा ना."

"सांगतेच आहे."

"विचारताय," बाई म्हणाल्या. "आल्यापासून बघतेय. 'दात लावा', 'जागा नाही', 'उद्या या', सगळं विचारताय. प्रत्येक वाक्यापुढे नुसती प्रश्नचिन्हं."

ताईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. पन्नास वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "बाई, खरं सांगा. माझा आवाज कसा आहे?"

"मी आयुष्यभर नव्या मुलींचे आवाज पास-नापास केलेत. राग येईल."

"येऊ दे."

"जाड आहे. अर्धा नाकातून निघतो. 'स' सुरेख आहे, आत्ता तरी माझ्यापेक्षा बरा. शब्द सगळे स्वच्छ, पण प्रत्येक वाक्याचं शेपूट वर. म्हणून कुणाला वाटेल, परक्या मुलखातून आल्यात आणि भाषा मेहनतीने शिकल्यात."

राग आलाच. नाजूक आवाज एका मिनिटात हातातून गेला होता. ताईंनी फळीवरचे सगळे पॉलिशपेपर काढले आणि बाईंसमोर मांडले. "यातला कुठला?"

बाईंनी थट्टा केली नाही. डोळे मिटून एकेका कागदावर बोट फिरवलं. ऐंशी नंबरचा अगदीच खरखरीत म्हणून बाजूला ठेवला, सहाशेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने एक कागद पुढे केला. दोनशेवीस.

ताईंना जरा धीर आला. दोनशेवीसने पुष्कळ काम होतं.

संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र त्यांच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. त्यांचा नवरा शाळेत कारकून, फार समजूतदार माणूस. 'आज गरम आहे' म्हटलं की "हो". 'पडदे धुवायला झालेत' म्हटलं की "हो, झालेत". ताई मैत्रिणींत त्यावरून भाव खायच्या: आमचे हे माझ्या शब्दाबाहेर नाहीत.

त्या समोर उभ्या राहिल्या. "अहो, मी बोलते ते तुम्हाला प्रश्न वाटतं?"

तो वर्तमानपत्र खाली ठेवून विचार करू लागला. "म्हणजे, तू विचारतेसच ना सगळं?"

"पडदे धुवायला झालेत, हे मी सांगत होते. बावीस वर्षं सांगतेय. तुम्ही 'हो' म्हणून परत वाचत बसता."

"मला वाटलं माझं मत हवंय."

"मला कधी बोलला का नाहीत?"

तो थोडा ओशाळला. "शाळेत मला कुणी काही विचारत नाही," तो म्हणाला. "घरी आलं की तू आज गरम आहे का, हेसुद्धा विचारायचीस. बरं वाटायचं."

ताई आत गेल्या, आणि हसू आवरल्यावर बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी कवळी घासून तयार होती. शिट्टी बरीच कमी झाली होती, पण बाई उठेनात. "या वाक्यांच्या शेपटांचं बघू या," त्या म्हणाल्या. त्यांनी ताईंचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि जुनी घोषणा म्हटली: "गाडी सुटत आहे." शेवटच्या शब्दाला थरथर गळ्यातून निघून छातीत उतरली, जिना उतरावा तशी. ताईंनी करून पाहिलं. त्यांची थरथर जिन्याच्या वरच्याच पायरीवर अडून बसली. पुन्हा. आठवडाभर रोज दुपारी मागच्या खोलीतून न सुटलेल्या गाड्या सुटत होत्या. शिकवायचं म्हणजे ताईंना ओठ दिसायला हवेत, त्यासाठी दात तोंडात हवेत. त्यामुळे बाईंची कवळी दिवसातून तीन-तीन तास तोंडात राहू लागली. शनिवारपर्यंत त्यांचा 'स' ताळ्यावर आला, आणि डॉक्टर येईल त्याला स्वतःच्या कौशल्याबद्दल सांगू लागले.

त्याच शनिवारी ताई डॉक्टरांना म्हणाल्या, "सोमवारी मी येणार नाही." एरवी डॉक्टर म्हणायचे, "या की, का नाही?" आज म्हणाले, "बरं."

घरी आल्या तेव्हा नवरा चपला काढत होता. ताईंनी मनातल्या मनात गाडी सोडली, हात छातीवर ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या पडदे तुम्ही धुवायचे."

एक चप्पल हातात घेऊन तो थांबला. "रागावलीस का?"

"नाही. हे सांगणं आहे. असं असतं."

तो चपला जागेवर ठेवून बसला. त्याचा चेहरा पाहून ताईंना वाटलं, काहीतरी हिसकावून घेतलं आपण. त्या त्याच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आज गरम आहे."

शेपूट कुठे गेलं, वर की खाली, त्यांना कळलं नाही. त्यांनी हात छातीवर ठेवलाच नव्हता. नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं, सावकाश विचार केला आणि कालच्यापेक्षा थोडं जास्तच असल्याचं सांगितलं.