खड्ड्यात बसलेला पंप

मी एक जुना, एक एचपीचा पंप आहे. जिंतूरजवळच्या एका छोट्या डेअरीत, जमिनीखाली चार फूट खड्ड्यात बसून असतो. हसू नका, मित्रांनो! इथं बसलो म्हणूनच मी अजून चालतोय. कसं ते सांगतो.

आमच्याकडं बॉयलरच्या वाफेवर दूध तापतं. वाफ कढईच्या दुहेरी भिंतीत शिरते, आपली ऊब दुधाला देते आणि तिचं पुन्हा पाणी होतं. स्वच्छ, बिनक्षाराचं, जवळजवळ उकळतं पाणी. आणि एवढं चांगलं पाणी पूर्वी जायचं कुठं? गटारात! मला अजून हळहळ वाटते.

एका उन्हाळ्यात डेअरीचा बोअर आटत आला, पाण्याऐवजी नुसत्या गुळण्या टाकू लागला. मालकीण सविताताई बॉयलर सांभाळणाऱ्या रंगनाथमामांना म्हणाल्या, "रविवारपर्यंत बॉयलरच्या पाण्याची सोय झाली न्हाई, तर दूध घ्यायचं बंद करावं लागंल, मामा."

ऐंशी घरांचं दूध यायचं. न तापवता त्या उन्हात ते दुपारपर्यंतही टिकलं नसतं.

मामा म्हणाले, "गटारात जायलेलं पाणीच माघारी आणू की, ताई."

लगेच ताईंचे धाकटे दीर दत्तराव पाच एचपीची मोटार घेऊन आले. गावातल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी त्यांनीच निवडलेल्या. एचपी विचारायचा, मोटार काठावर बसवायची, बटण दाबायचं. आजवर कधी चुकलं नव्हतं. गरम पाण्याची टाकी ठेवली, तिच्या वर फळीवर मोटार बसवली. चालू होताच ती अशी खडखडली, की पोटात कुणी खडी ओतलीय असं वाटावं. दोन दिवसांत तिचं पाणी आत अडवून धरणारं सील जळालं आणि पाणी भळाभळा गळू लागलं. बिचारी! तिला गार पाण्याची सवय.

मग मामांनी बादली घेतली. कढयांखालून किती पाणी येतं ते मोबाईलमधल्या घड्याळावर मोजलं. मिनिटाला आठ लिटर. तेवढं ध्यानात ठेवून ते परभणीला दुकानात आले. मी तिथं खालच्या फळीवर धूळ खात पडलो होतो.

अहो, काय काय विचारलं त्यांनी! "मिनिटाला चोवीस लिटर ढकलंल का? टाकी भरली की चटकन रिकामी व्हायला पायजे, म्हून तिप्पट. बॉयलरची टाकी वीस फूट उंचावर हाय, तिथवर पाणी चढंल का? ह्याचं सील उकळत्या पाण्याला टिकंल का?"

इतकी चौकशी माझी तोवर कुणीच केली नव्हती. लय भारी वाटलं! एसटीत मामांच्या मांडीवर बसून मी आलो. तो शनिवार होता.

मला बघून दत्तराव हसले. "मामा, हे काय वासराला पाणी पाजायला आणलंय का?"

मला असा राग आला म्हणता! त्यातच मामा पाइप आणायला गेले आणि दत्तरावांनी मला त्याच फळीवर बसवून बटण दाबलं. झालं! माझ्याही पोटात खडी. पाणी तोंडाशी येई आणि तिथंच त्याची वाफ होई. माझी नुसती तडफड चालली होती.

"हा बी गेला?" सविताताई दुधाच्या रिकाम्या कॅनवर मटकन बसल्या.

मामांनी धावत येऊन बटण बंद केलं. "दत्तराव, उकळतं पाणी वर ओढायला गेलं की त्याची वाफच होती. पंप टाकीच्या खाली पायजे. पाणी आपसूक उतरलं पायजे त्याच्यात."

"खाली? खड्ड्यात? आन् बुडला मंजी? आमी मोटार कायम वरच बसवतो!"

"ते विहिरीवर. हितं पाणी येगळं हाय."

दत्तरावांनी मला फळीवरून खाली उतरवलं. मग म्हणाले, "चुकलं माझं, वहिनी." त्यांनी स्वतः कुदळ घेतली. अंधार पडायच्या आत टाकीच्या बाजूला खड्डा तयार झाला. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून भोवती विटांचा कट्टाही त्यांनीच बांधला. आता मला त्यांचा मुळीच राग नाही.

रविवारी सकाळी मामांनी बटण दाबलं. मी श्वास रोखून वाट पाहिली. पाणी वरून शांतपणे माझ्यात उतरलं आणि मी ते वीस फूट वर ढकललं. खडखड नाही, काही नाही. सविताताईंनी परतीच्या पाइपाला हात लावला आणि चटका बसून झटकन मागं घेतला. "माघारी आलं, मामा! पाणी माघारी आलं!" त्यांचे डोळे भरून आले होते. त्याच भरात त्यांनी गावोगाव फोन लावले, "आणा, दूध आणा."

तेव्हापासून बॉयलरला थोडंच नवं पाणी लागतं. तेवढं बोअर देतो.

आता माझं सील झिजलंय. अधूनमधून थेंब पडतो. मित्रांनो, असा थेंब दिसला तर नुसती फरशी पुसून जाऊ नका, सील बदला. आणि नुसती ताकद बघून कुणाला कामाला लावू नका. त्याला कुठं बसवणार, त्याच्या वाट्याला काय येणार, हेही विचारा. माझ्याबद्दल एका माणसानं ते विचारलं, म्हणून ऐंशी घरांचं दूध नासलं नाही.