स्टुलापुरतं अंतर

"पट्टा आधी गळ्यात घाल. भाजीची पिशवी नाही ती, हातात लोंबकळत न्यायला."

तिनं निमूटपणे पट्टा गळ्यात घातला. लग्न झाल्यापासून ज्या कॅमेऱ्याला बोट लावायची तिला बंदी होती, तो आज खुद्द नवऱ्याच्या हुकमानं तिच्या छातीवर आला होता. आणि चांगलाच जड होता.

"आभाळ आलंय, म्हणून ही पुढची, उजेडाची कडी पूर्ण मोकळी ठेवलीय. डोळ्याला लाव, श्वास धर, दाब. रीळ एवढं एकच उरलंय. दाबताना हलायचं नाही."

"ठाऊक आहे. तुमचे हललेले फोटो इतकी वर्षं कोण निस्तरत होतं?"

एरवी या टोल्याला प्रतिटोला आला असता. पण तो पलंगावर पडला तेव्हापासून घरातली ती जुगलबंदी बंदच पडली होती. उजवा हात आणि उजवा पाय एका सकाळी संपावर गेले ते पुन्हा कामावर आलेच नाहीत. पुढच्या खोलीतल्या स्टुडिओला कुलूप लागलं. त्याचा पलंग होता त्या मागच्या खोलीच्या खिडकीतून दिसायचा तो डोंगराचा कापलेला खडक आणि त्यावरचं शेवाळ.

उद्या लेक दोघांना आपल्या घरी नेणार होती, समुद्रापासून पार लांब. गाडी वरच्या रस्त्यानं येणार आणि मागच्या मागे डोंगराआड उतरणार. म्हणजे जाताना समुद्र दिसायचाही नाही. हे कळलं तेव्हा त्यानं ताट बाजूला सारलं. "सगळा जन्म या गावात गेला आणि गावाचा एक फोटो नाही माझ्याकडे. सगळी थोबाडं." त्यानंतर तो जेवला नाही, की बोलला नाही. सकाळी जाग येताच कॅमेरा मागितला, तो तिच्यासाठी.

खोटं नव्हतं ते. स्टुडिओत स्टुलामागे समुद्राचा रंगवलेला पडदा होता, आणि खिडकीतून खरा समुद्र दिसत असताना अख्खं गाव त्या पडद्यापुढे बसून फोटो काढून घ्यायचं. खऱ्या समुद्राचा वारा केस विस्कटतो ना! तो फोटो काढायचा आणि पुढचं सगळं तिचं. अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायचे, मग ब्रशचं टोक ओठांनी ओलं करून शाईनं डाग, सुरकुत्या, देवीचे व्रण बुजवायचे. गावातल्या निम्म्या मुलींची लग्नं आपल्या ब्रशनं जुळवली, असं ती गमतीनं म्हणायची.

पायऱ्यांच्या वळणावर किल्ल्या बनवणारा बसला होता.

"काय बाई, आज साहेबांची गादी तुमच्याकडे?"

"एका दिवसाची. जरा बाजूला व्हा, मला मागचं बंदर हवंय."

"मी काय वाईट दिसतो?"

"तुमच्या नाकावरचे व्रण बुजवता बुजवता माझे दोन ब्रश झिजलेत. सरका!"

तो हसत अर्धा सरकला. तिनं डोळा लावला. बारक्या काचेतून बंदर, क्रेन, एकावर एक चढलेली पत्र्याची छपरं, सगळं लख्ख दिसत होतं. तिनं श्वास धरला आणि दाबलं.

मग तिला चेवच चढला. ज्या पायऱ्या तिनं जन्मभर पिशव्या घेऊन, मान खाली घालून चढल्या, त्याच आज ती थांबत, वळून बघत चढली. गुडघे कुरकुरत होते, पण आज त्यांचं कोण ऐकतंय! वाळत घातलेल्या चादरींच्या फटीतून आगबोट दिसली, ती टिपली. चढावर इस्त्रीवालीनं "माझा नको गं, मी अशी घामेजलेली," म्हणत तोंड फिरवलं, तरी तिच्यामागची उतरती गल्ली टिपली. शेवटी टेकाडावर पोचली, तर समोर दीपस्तंभ आणि त्याच्या पायाशी समुद्र, थेट आभाळापर्यंत. वाऱ्यानं तिचा अंबाडा सुटला. इतकं मोठं काहीतरी आपल्या घरापासून इतकं जवळ होतं, आणि आपण अंधारात नाकं बुजवत बसलो, या विचारानं तिला हसूही आलं आणि रडूही.

ती घरी आली तेव्हा धापा टाकत होती, केस मोकळे, गाल लाल.

"आणलंय सगळं! दीपस्तंभ, बंदर, वरची गल्ली. पोटभर बघा आता!"

त्यानं डाव्या हातानं कॅमेरा उचलून पोटावर घेतला. उलटासुलटा केला. त्याचा अंगठा भिंगावरच्या कडीवर एका जागी थांबला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"काय झालं?"

"काही नाही. एक फोटो उरलाय."

"राहू दे. दमले मी."

"तुला कुठं काही करायचंय? दाराशी उभी राहा. ती शटर दाबायची वायर तेवढी दे मला."

"माझा? अहो, केस तरी बघा माझे!"

"केस तसेच राहू देत. मागे हो. अजून थोडी. हां, तिथं."

उशीवर कॅमेरा टेकवून त्यानं डाव्या हातानं वायर दाबली.

अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली पहिला कागद द्रावणात हलू लागला. बंदर नव्हतंच, नुसता राखाडी धुरळा. दुसऱ्या एकात दीपस्तंभाच्या जागी पांढरा डाग. पण किल्लीवाल्याचा खांदा लख्ख, इस्त्रीवालीच्या मानेवरचा घाम लख्ख. जे जे स्टुलाइतक्या अंतरावर होतं, तेवढंच आलं होतं. तिनं दिवा लावून कॅमेरा पाहिला. अंतराच्या कडीवर औषधाची चिकटपट्टी होती, जुनी, काळी पडलेली. स्टुडिओत अंतर कधी बदलतच नसे, म्हणून ती कडी त्यानं कधीकाळी चिकटवून टाकली होती. तिनं कधी कॅमेरा हातात घेतला नव्हता, आणि तिला सगळं शिकवताना तो नेमकं हेच विसरला होता.

ओले फोटो घेऊन ती बाहेर आली. "सगळं वाया गेलं हो. तुमचं गाव काही आलं नाही." आणि तिला रडूच फुटलं.

"ठाऊक आहे. पट्टी हाताला लागली तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत? एरवी घर डोक्यावर घेतलं असतंत!"

"रीळ तर संपलं होतं, बोलून काय करू? आणि तू दारातून आलीस ना, तुझा तो चेहरा... मी इतकी थोबाडं काढली, पण असा चेहरा कुणाचा पाहिला नाही. म्हटलं, तेवढा तरी येऊ दे." मग त्यानं एक धुरकट फोटो उचलला. "हा दीपस्तंभ ना? रंग दिलाय का त्याला?"

"दिलाय. खालचा पट्टा तेवढा राहिलाय." तिनं डोळे पुसले.

"आणि डावीकडे काय आहे?"

ती त्याच्याशेजारी बसली आणि एकेक धुरळा उलगडून सांगू लागली. आगबोट कुठं होती, चादरी कसल्या होत्या, गल्ली कुठं वळते. तो मध्येमध्ये विचारत होता. बोलता बोलता त्यानं खायला मागितलं, आणि सगळं संपवलं.

संध्याकाळी लेक येऊन सामान भरत होती. नवऱ्यानं दाराशी काढलेला तिचा फोटो वाळला होता. जरा तिरका आला होता, पण अगदी स्पष्ट. सुटलेले केस, घाम, डोळ्यांखालच्या जाळ्या, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. सवयीनं तिचा हात शाई-ब्रशच्या पेटीकडे गेला. तिनं ब्रश शाईत बुडवला, टोक ओठांनी सारखं केलं आणि फोटो जवळ ओढला.

"आई, ही पेटी न्यायची ना?"

तिनं फोटोकडे पाहिलं, मग पलंगाकडे. तो झोपला होता.

"नको. राहू दे इथंच."

ब्रश पुसून तिनं पेटी बंद केली. ओठांवर शाईची कडवट चव मात्र बराच वेळ होती.