तीन खटक्यांचा कॅमेरा

आमच्या ह्यांनी, म्हणजे सोमनाथरावांनी, चौतीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात टूलरूममध्ये काढली. तिथे केसाच्या दहाव्या भागाइतकीही चूक चालत नाही, हे त्यांनी मला लग्न झाल्याझाल्याच सांगितलं होतं. विषय पोळीच्या जाडीचा होता. निवृत्त झाल्यावर हा माणूस दिवसभर घरी बसून मला मापं शिकवणार, या धास्तीने मीच हिरावाडीतल्या आमच्या गॅलरीत छोटं लेथ मशीन बसवायला परवानगी दिली. पापड वाळवायची जागा गेली, पण माझं डोकं शांत राहिलं.

लेथला काम पुरवायचे अन्सारभाई. भद्रकालीतल्या एका बोळात त्यांचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान होतं, तीन गिऱ्हाइकं आत शिरली की चौथ्याने बाहेर उभं राहायचं, एवढंसं. ह्यांची आणि त्यांची पस्तीस वर्षांची दोस्ती. दर रविवारी आमचे हे आंघोळ करून तिकडे पळायचे आणि दोघं मिळून कुठल्यातरी मेलेल्या कॅमेऱ्याचं पोट उघडून बसायचे. बोलणं सगळं स्प्रिंग, गिअर आणि शटर. एकदा मी अन्सारभाईंच्या घरच्यांना, हुस्नबानोभाभींना विचारलं, "हे दोघं कधी पोराबाळांचं बोलतात का हो?" भाभी म्हणाल्या, "आमच्या फैजानचं लग्न ठरलं, ते तुमच्या ह्यांना पत्रिका हातात पडल्यावर कळलं."

मोबाईल आले आणि दुकान बसलं. मग अलीकडे कॉलेजच्या पोरापोरींना पुन्हा रोलच्या कॅमेऱ्यांचं वेड लागलं. त्यातलीच एक वेदिका. दिवाळीनंतर ती आजीचा कॅमेरा घेऊन आली. आजीच्या भावाने पन्नास वर्षांपूर्वी कुवेतहून आणलेला, अंगाने प्लॅस्टिकचा, पण आजी आता राहिली नव्हती म्हणून पोरीचा त्यात जीव.

हा कॅमेरा डबीवाला होता. पूर्वी कॅमेऱ्यात रोल भरणं म्हणजे एक परीक्षाच असायची. रोलचं टोक आतल्या फिरकीत नीट अडकवायचं. नाही अडकलं तर छत्तीस फोटो काढूनही रोल जागचा हलायचा नाही, आणि ते कळायचं रोल धुतल्यावर. माझ्या डोहाळेजेवणाचे सगळे फोटो असेच गेले. रोल ह्यांनीच भरला होता. लोकांच्या या हालावर कुणीतरी डोकं लढवलं आणि रोलच एका बंद डबीत घालून विकायला काढला. डबी कॅमेऱ्यात टाका, झाकण लावा, संपलं. ज्याने हे काढलं त्याने माझ्यासारखीचा विचार केला असणार, असं मी म्हटलं. ह्यांच्या मते त्याने अडाण्यांचा विचार केला होता.

अडचण अशी की तसल्या डब्या आता कुणी बनवत नाही. वेदिकाला तसं सांगून कॅमेरा परत करायचा, तर हे दोघं हट्टाला पेटले. साधा, आजही मिळणारा रोल मावेल अशी डबी आपणच करायची! दोन महिने आमच्या गॅलरीत लेथ घरघरत होतं. डबीच्या फटीतून उजेड शिरू नये म्हणून आत काळं मखमल लावतात, असं अन्सारभाईंनी सांगितलं, आणि माझ्या एका चांगल्या ब्लाउजच्या बाह्या गेल्या. मला विचारलंसुद्धा नाही.

डबी सुरेख झाली. फक्त एक खोट राहिली. जुन्या डबीतल्या रोलला एका फोटोमागे एकच भोक असायचं. कॅमेऱ्यातली बारीक पिन त्या भोकात पडली की रोल सरकवायची चावी थांबायची आणि पुढचा फोटो तयार. साध्या रोलला मात्र कडेने भोकंच भोकं. पिन मध्येच एखाद्या भोकात पडायची आणि चावी एक तृतीयांश वाटेतच अडायची. ती सोडवायला फोटो काढायचा खटका दाबावा लागायचा. म्हणजे एका फोटोमागे तीन खटके: पहिला खरा, नंतरचे दोन भिंगावर तळहात ठेवून, नुसते रोल पुढे सरकवायला. त्यातला एक विसरलात की पुढचा फोटो आधीच्या फोटोवर चढणार.

"मोजायचं, त्यात काय मोठंसं?" अन्सारभाई म्हणाले. "नमाजच्या रकाती मोजतोच ना माणूस?"

"ज्या मशीनला माणसाने मोजून द्यावं लागतं, ते मशीनच नव्हे," आमचे हे म्हणाले. "पिन अर्धा मिलिमीटर घासू. मोजायला मी वेगळं चाक बसवतो."

"कॅमेऱ्याला कानस लागणार नाही, सोमनाथभाऊ. पोरीची अमानत आहे."

शब्दाने शब्द वाढला. पंधरा दिवस तोच विषय. मला जेवताना, झोपताना, भाजी निवडताना त्या पिनबद्दल इतकं ऐकावं लागलं की मी स्वतः कॅमेरा खोलला असता. आणि मग एका शुक्रवारी अन्सारभाई नमाजला गेले, दुकान ह्यांच्यावर सोपवून. परत आले तर टेबलावरच्या पांढऱ्या फडक्यावर पोलादाची चिमूटभर भुकटी होती, आणि आमचे हे चावी फिरवत होते. चावी फिरतच राहिली. ना कुठे थांबे, ना खटका पडे. चाक बसवायची वेळच आली नाही.

अन्सारभाई ओरडले नाहीत. "दुसऱ्याची वस्तू होती," एवढंच म्हणाले आणि फडकं झटकून घडी घातली. आमचे हे घरी येऊन तासभर पिनच्या पोलादाला नावं ठेवत होते. पोलाद हलकं, घडण हलकी, कुवेत हलकं. स्वतःचं नाव तेवढं त्या यादीत नव्हतं.

चार महिने दोघं बोलले नाहीत. रविवार आला की हे आंघोळ करायचे, आणि मग गॅलरीत जाऊन बसायचे. नवी पिन मात्र ह्यांनीच केली, एकामागून एक अकरा पिना. बारावी पसंत पडली ती माझ्या कानातल्यांच्या डबीत घालून मीच भद्रकालीत नेऊन दिली. अन्सारभाईंनी भिंगातून पाहिली. "त्यांना सांगा, काम चोख आहे," म्हणाले. मी सांगितलं. "त्यांना सांगा, असणारच," हे म्हणाले. या वयात मी पोस्टमन झाले होते.

मग भाभींचा फोन आला. दुकान विकायला काढलं होतं. फैजान सुरतेला असतो, त्याच्याकडे कायमचं जायचं ठरलं होतं. येत्या शुक्रवारी.

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी लेथ पुसायला घेतलं, ते जेवण गार होईपर्यंत पुसत होते. मला माणसाचा राग आला, आणि दयाही आली. पस्तीस वर्षांचा मित्र गाव सोडून चाललाय आणि ह्यांच्या घशातून एक शब्द निघत नाही! अन्सारभाईही काही कमी नव्हते. भाभी म्हणाल्या, "आमचे हे म्हणतात, चूक त्यांची, पहिला शब्द त्यांचा."

बुधवारी वेदिका कॅमेरा न्यायला येणार होती. त्याआधी चाचणी हवी. आपण बनवलेली पिन स्वतःच्या डोळ्यांदेखत पास झाल्याशिवाय आमचे हे कुणाच्या हाती देत नाहीत, कारखान्याची सवय. त्यामुळे माझ्याबरोबर आले. दुकानात शिरले आणि कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले.

वेदिका आली, कॅमेरा पाहून नाचायचीच बाकी होती. "काका, ज्यांनी हा जिवंत केला त्या दोघांचा फोटो मला हवाय. एकत्र."

"एकेकाचा काढा," हे कॅलेंडरला म्हणाले.

"अलग अलगच बरा येईल," अन्सारभाई काउंटरला म्हणाले.

पोरगी हिरमुसली. मी कॅमेरा हातात घेतला. "फोटो मी काढते. तुम्ही दोघं नुसते बसा."

दोघांनाही ते पटलं, कारण फोटो एकमेकांनी काढायचे नव्हते. आधी ह्यांना निळ्या भिंतीपुढच्या स्टुलावर बसवलं. दाबला पहिला खटका. आता भिंगावर तळहात ठेवून दोन पोकळ खटके द्यायचे, मग अन्सारभाई.

मी एक दिला. चावी फिरवली. आणि माझा हात थांबला. सहा महिने पोटात साठलेलं ते पिनपुराण एकदम उपयोगाला आलं. दोन दिले तर दोघं वेगळे. एकच दिला तर एक तृतीयांश फोटो एकमेकांवर चढणार. स्टुलावर माणूस मधोमध बसला असेल, तर डोकी सुटी राहतील आणि खांदे मिसळतील. मी भिंगावरचा हात काढला.

"तीन झाले?" हे भिंतीकडे बघत म्हणाले.

"झाले."

"बरोबर मोजले ना, वहिनी?" अन्सारभाई स्टुलावर बसता बसता म्हणाले.

"मला तीनपर्यंत येतं," मी म्हटलं, आणि दाबला खटका. पोरीच्या आजीच्या कॅमेऱ्यात मी धडधडीत खोटं भरलं होतं. उरलेला रोल वेदिकाने बोळातल्या मांजरीवर आणि सामान बांधायला आलेल्या भाभींवर संपवला, अगदी शहाण्यासारखे तीन तीन खटके मोजून.

रोल धुवायला अन्सारभाई आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले. भाभींनी चहा केला. आमचे हे चहा हातात धरून बसले, प्यायले नाहीत. अर्ध्या तासाने अन्सारभाई ओली पट्टी घेऊन बाहेर आले, उजेडासमोर धरली, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ओव्हरलॅप!"

हे ताडकन उठले. "शक्यच नाही. माझी पिन आहे."

"पिन तुमची, फोटो बघा ना!"

"बघू इकडे. हात लावू नका, ओली आहे." दोन टकली एकाच भिंगावर वाकली. पट्टीवर आमचे हे आणि अन्सारभाई शेजारी शेजारी बसले होते. ह्यांचा उजवा खांदा संपतो कुठे आणि अन्सारभाईंचा डावा सुरू होतो कुठे, ते कळत नव्हतं.

"नऊ मिलिमीटर," हे म्हणाले.

"साडेनऊ. चश्मा बदला."

"साडेनऊ कसे? मोजा ना!"

"आणि बाकीचे सगळे फोटो सुटे आहेत, सोमनाथभाऊ. मांजर सुटी, बेगम सुटी. चिकटलो फक्त आपण. का?"

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी वेदिकाकडे पाहिलं. पोरगी पट्टी बघून म्हणाली, "मला हाच हवा होता की!" आणि मला सोडवलं. मग दोघं स्प्रिंगवर आले, स्प्रिंगवरून चावीवर, आणि चार महिन्यांचं साचलेलं सगळं दोन तास ओसंडत होतं. भाभींनी दुपारचं जेवणही तिथेच मागवलं.

पण आपलं चुकलं, ही एक गोष्ट ह्यांनी उच्चारली नाही. गुरुवारी पुन्हा गेले, पूर्ण दिवस. तेव्हाही नाही. "सांगितलंत का?" मी विचारलं. म्हणाले, "विषय निघाला नाही." चार महिने ज्या विषयावर अडून बसले, तो विषय निघाला नाही!

शुक्रवारी सकाळी आम्ही सीबीएसच्या बसस्टँडवर पोचवायला गेलो. सुरतेची बस लागलेली. हे अन्सारभाईंची बॅग घेऊन आत चढले, ती वर ठेवली, आणि शेजारी टेकून स्प्रिंगचा ताण कमी कसा करता येईल ते सांगायला लागले. कंडक्टरने घंटी मारली. भाभींनी पुढच्या खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मला ओरडता आलं असतं. मी गप्प उभी राहिले. भाभीही गप्प बसल्या. बस फाटकातून बाहेर पडली तेव्हा आमच्या ह्यांचे हात हवेत स्प्रिंग ओढून दाखवत होते.

दीड तासाने फोन आला. मी स्वयंपाकघरात होते.

"पेठच्या स्टँडवर आहे, बसमध्येच," हे म्हणाले.

"बरं."

मग म्हणाले, "बोललो त्यांना. चुकलं म्हटलं. तुमच्या माघारी पिन घासायला नको होती."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, पेठ यायची वाट कशाला बघितलीत? महिन्याभरापूर्वी म्हणाला असतात तर मी दुकान विकलंच नसतं. सुरतेत मला ओळखतं कोण?" ह्यांचा आवाज फुटला. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

"उतरताय का तिथे?"

"उतरत होतो. त्यांनी हात धरून ठेवलाय, सोडत नाहीत." मग हळूच म्हणाले, "अंजली, फैजानचे कपडे मला होतील का गं?"

"होतील," मी म्हटलं. "चार दिवस राहूनच या." फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून मी पोटभर रडले.