पालोमची घंटा

"घंटा चढव, वहिनी. निदान आजचा दिवस तरी."

ओनोरा व्हॅनमधून जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरवत होता. खोपटाच्या दारात नोएली दुधाचा डबा घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"ऐकतेयस ना? सायकलवाले खालच्या गिरणीपाशी पोचलेत. थोड्या वेळात इथं खिंडीत येतील आणि पलीकडच्या अंगाला सुसाट उतरतील. आणि तुझ्या गाई मुक्या हिंडतायत."

"हिंडू देत. घरातला माणूस गेलाय."

"माझाही भाऊच होता तो."

"मग तुला सांगावं का लागतंय?"

ओनोरानं एक गठ्ठा टेबलावर आदळला. दीर असला तरी तो तिच्याशी जपून बोलायचा, आणि आज तर फारच जपून. पिरेनेच्या डोंगरांतल्या या खोऱ्यात घरधनी गेला की गुरांच्या गळ्यातल्या घंटा उतरवायच्या आणि महिन्याची प्रार्थना होईपर्यंत चढवायच्या नाहीत, अशी जुनी रीत. आता ती कुणी पाळत नाही. ओनोराच्या स्वतःच्या सासऱ्याच्या वेळीसुद्धा घंटा वाजत राहिल्या, कारण शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना तो आवाज आवडतो. नोएलीनं मात्र दफनाहून परतल्यावर काळे कपडेही न बदलता आठही गाईंच्या घंटा काढल्या आणि खोपटातल्या खुंट्यांवर टांगल्या.

तिचंही काही चुकत नव्हतं. तिचा नवरा ग्रासियाँ रस्त्यांच्या खात्यात झाडूवाला होता. कुरेतच्या खिंडीतून पलीकडे उतरणाऱ्या रस्त्याची वळणं झाडायची, डोंगरावरून घरंगळलेली खडी बाजूला लोटायची, यात त्याचा जन्म गेला. झाडलेल्या रस्त्याकडे कोण बघतं? दफनाला माणसं बेताचीच होती, त्यातली दोघं सारखी घड्याळ बघत होती. जन्मभर ज्याच्यासाठी कुणी थांबलं नाही, त्याच्यासाठी डोंगरानं एक महिना गप्प बसावं, एवढंच तिला हवं होतं. ते ती कुणाच्या सायकलीपायी सोडणार नव्हती.

"तो असता तर त्यानंच चढवल्या असत्या," ओनोरा म्हणाला.

"तो असता तर काढल्याच नसत्या."

"तू आणि पालोम. दोघींच्या माना सारख्याच ताठ."

पालोम म्हणजे कळपाची म्होरकी, ग्रासियाँची लाडकी. तिची घंटा सगळ्यात मोठी. तिचा लाकडी पट्टा ग्रासियाँनं एका हिवाळ्यात स्वतः कोरला होता. नोएलीनं डबा पालथा घातला आणि आत निघून गेली.

दरवर्षी पाच खिंडींच्या या सायकलफेरीच्या दिवशी ग्रासियाँ उजाडायच्या आत रस्ता झाडून यायचा आणि मग इथं टेबल मांडून उभा राहायचा. चढ चढून घामाघूम झालेल्या सायकलवाल्यांच्या हातात एकेक वर्तमानपत्र द्यायचा. ते सदऱ्याच्या आत छातीवर कोंबलं की उताराचा वारा बाधत नाही. त्यासाठी तो वर्षभर गावातली रद्दी गोळा करायचा. नोएली त्याला हसायची. जगात एवढी कामं पडलीत आणि हा परक्यांच्या छात्या झाकतोय, म्हणायची. तो पुढचा गठ्ठा बांधायला घ्यायचा.

सकाळभर उन्हानं आणि माशांनी गुरांना भंडावून सोडलं होतं. दुपारी मात्र खोऱ्यातून धुकं चढायला लागलं आणि बघता बघता त्यानं कुरणं गिळली. खोपटापासून कुंपण दिसेना. नोएली काठी घेऊन निघाली. धुकं पडलं की गाई जवळ आणायच्या, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. चार पावलं गेली, थांबली आणि कान दिला.

काहीच नाही.

एरवी तिला डोळे लागत नसत. कोणती घंटा झऱ्यापाशी, कोणती मेंढवाड्यामागे, तिला जागच्या जागी कळायचं. आता चहूकडे नुसता ओला पांढरा पडदा होता. पालोमला हाक मारली, तर स्वतःचाच आवाज तोंडाशी विरला. ती झऱ्यापाशी गेली. कुणी नव्हतं. मेंढवाड्यामागे गवत तुडवलेलं होतं, पण गाई नव्हत्या. रस्त्यावर आली तेव्हा तिला ताजं शेण दिसलं, आणि थोडं पुढे आणखी. उताराच्या दिशेनं. तेव्हा तिच्या लक्षात आलं.

बोगदा.

उन्हाळ्यात माशांना कंटाळून गाई उताराच्या रस्त्यावरच्या त्या बोगद्यात जाऊन बसायच्या, दरसाल. आत गार असतं, अंधार असतो. हे तिला माहीत नव्हतं का? पण घंटा काढताना तिच्या मनात फक्त ग्रासियाँ होता, दुसरं काही नव्हतंच.

ती धावायला लागली. या वयात ती उतारावरून धावत होती आणि गुडघे बोंब मारत होते. मागे खिंडीतून माणसांचे आवाज ऐकू आले. पहिले सायकलवाले पोचले होते.

बोगदा मध्यावर वळलेला होता, एका तोंडातून दुसरं दिसत नसे. वळणापलीकडे गाई रस्ताभर पसरून निवांत रवंथ करत होत्या. नोएलीनं पालोमच्या पुठ्ठ्यावर काठी हाणली.

"ऊठ, भवाने. ऊठ म्हणते ना."

पालोमनं मान वळवून बघितलं आणि पुन्हा पुढे केली. नोएलीनं तिचं शिंग धरून ओढलं. दुसऱ्या एका गाईला लाथ घातली. एक उठली आणि दोन पावलांवर जाऊन परत बसली. तेवढ्यात वरच्या तोंडाकडून टिकटिक ऐकू आली. पाय न मारता उतरणाऱ्या सायकलीच्या चाकाची टिकटिक, पाण्यासारखी सरसर वाढत येणारी.

नोएली ओरडली. बोगद्यानं तिचे शब्द फिरवून फिरवून त्यांचा नुसता कल्ला केला. ब्रेक किंचाळले. वळणावरून एक सायकल आडवी घसरत आली आणि पालोमच्या पोटाला टेकून थांबली. पालोम उठून उभी राहिली. सायकलवाली उठली नाही.

"लागलं का? बोल की, बाई."

"नोएलीकाकू?" खालून आवाज आला. ती मायलिस होती, खालच्या गावची टपालवाली. तिचं कोपर सोलवटलं होतं. "काकू, घंटा कुठायत?"

"काढल्यात. तुझे काका..."

"माहितीय मला, मी होते की दफनाला." ती कशीबशी उभी राहिली. "पण काकू, इथं आम्ही कानावर उतरतो. घंटा ऐकू आली की ब्रेक. नाही आली, म्हणजे रस्ता मोकळा, बिनधास्त सोडा. काकांनीच शिकवलंय आम्हाला. लांबून येणाऱ्या एकेकाला ते खिंडीत हेच सांगायचे."

नोएली पुन्हा गाईंकडे वळली आणि तिनं काठी उगारली.

"माझ्यामागे सगळे आहेत," मायलिस म्हणाली. "आणि धुक्यात आपला हात कुणाला दिसणार नाही."

तरी ती लंगडत वरच्या तोंडाकडे निघाली, ओरडत. आणखी दोघं आले. एकानं भिंतीला खांदा घासला, दुसरा गाईंच्या मधून कसा निसटला ते त्याचं त्यालाच ठाऊक. नोएली वेड्यासारखी काठ्या हाणत होती आणि मनात एकच चाललं होतं. त्याच्या रस्त्यावर आजवर कुणी मेलं नाही. त्याच्या नावानं मी आज कुणाचातरी जीव घेणार.

वर व्हॅनचा भोंगा वाजला, थांबला, आणि ओनोरा धापा टाकत आत आला. खांद्यावर पालोमची घंटा होती. आतल्या लोलकाला त्यानं आपला रुमाल गुंडाळला होता.

"शिव्या नंतर दे," तो म्हणाला. "तू परतली नाहीस तेव्हा बोगदा आठवला. व्हॅन तोंडाशी दिवे लावून कडेला उभी केलीय. पेपर दगडाखाली ठेवलेत, घेतील आपापले. हे धर."

त्यानं स्वतः वाजवली नव्हती. रुमाल काढायचं कामही त्यानं तिच्यावरच सोडलं.

नोएलीनं रुमाल सोडला. कोरलेला पट्टा दोन्ही हातांत धरला आणि क्षणभर तिचे हात उचलेनात. इतके दिवस हा आवाज बंद होता, तोवर ग्रासियाँ कुठंतरी अर्ध्या वाटेवर थांबल्यासारखा होता. आता वाजवली की तो गेलाच. तिला रडू फुटलं. रडतच तिनं घंटा वाजवली.

बोगदा त्या आवाजानं भरून गेला. आणि वर, धुक्यात, एकामागून एक ब्रेक करकरले.

ते हळूहळू आले, पाय टेकत, एका ओळीत. ओनोरानं गाईंना भिंतीकडे रेटून माणूसभर वाट केली होती. नोएली वाजवत राहिली. दंड भरून आले, तरी तिनं घंटा ओनोराच्या हातात दिली नाही. कुणी मान लववली, कुणी आभार मानले, कुणाचं लक्षच नव्हतं. प्रत्येकाच्या छातीवर सदऱ्याखाली कागद कुरकुरत होता.

एक पिकल्या मिशांचा माणूस तिच्यापाशी थांबला. बोलण्यावरून लांबचा वाटत होता.

"घंटा ओळखली मी," तो म्हणाला. "आज पेपर नुसते दगडाखाली होते. ग्रासियाँ कुठंय? तब्येत बरी आहे ना त्याची?"

ओनोरानं तिच्याकडे बघितलं. नोएलीनं घंटा थांबवली नाही.

"त्याला सांगा, वर तो पेपर घेऊन उभा असेल, या भरवशावर मी दरवर्षी खिंडीपर्यंतचा चढ चढतो. आणि हा रस्ता असा झाडलेला कुठंच नसतो. अर्थात आज जरा खडी आहे."

"सांगते," नोएली म्हणाली.

तो गेला. त्याच्यामागे पुष्कळ जण गेले, आणि सगळ्यांत शेवटी थकलेल्यांना गोळा करत येणारी गाडी गेली. पिवळ्या दिव्याची. तिच्यातून मायलिसनं काचेवर तळवा टेकवून दाखवला.

संध्याकाळी धुकं खाली बसलं. ओनोरानं खोपटातून बाकीच्या सात घंटा आणल्या आणि एकेका गाईची मान धरून ठेवली. नोएलीनं पट्टे आवळले. पालोम राहिली.

"चढवायची ना?" त्यानं विचारलं.

नोएली रस्त्याकडेला गेली. दोन्ही मुठी भरून गवत उपटलं, मोठ्या घंटेत लोलकाभोवती घट्ट कोंबलं, हलवून बघितलं आणि मग ती पालोमच्या गळ्यात बांधली. ओनोरानं व्हॅनमधून ग्रासियाँचा झाडू काढला आणि वळणावरची खडी लोटायला घेतली.

गाई खोपटाकडे चढायला लागल्या. सात घंटा वाजत होत्या. त्यांच्यापुढे पालोम चालली होती, भरल्या घंटेनं, आवाज न करता.