ढोलीतलं घुबड

आमच्या घरामागे पालिकेचं राखीव रान आहे. ह्यांनी तिथे एकतीस वर्षं राखणदारी केली. फाटकाला कुलूप घालून घरी आले की चहाच्या आधी वही. काय दिसलं, कुठे, किती. निवृत्तीनंतरही ती वही सुटली नाही. डोळे गेले, तेव्हा लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

यंदा पालिकेला रानाची पूर्वेकडची पट्टी गाड्या उभ्या करायला हवी होती. त्याआधी तिथली झाडं, प्राणी, पाखरं यांची पाहणी करायला एक मुलगी आली. गळ्यात दुर्बीण, बूट चिखलानं माखलेले. मी वह्या पुढे ठेवल्या, तशी ती हरखूनच गेली.

"आजी, हे तर घबाड आहे! जुन्या झाडाच्या ढोलीत घुबड, अगदी आजोबा जाईपर्यंत, सलग. आता या पट्टीला कुणी हात लावू शकणार नाही."

ती हात धुवायला गेली, तसा मुलगा कुजबुजला, "आई, गप्प राहा. एक घुबड जास्त लिहिलंस, त्यात कुणाचं घोडं मारलंस?"

शेवटची सहा वर्षं घुबड नव्हतंच. हे अंगणात खुर्चीवर बसून विचारायचे, "आलं का गं?" पहिल्यांदा मी "नाही" म्हटलं, तर त्या दिवशी जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "आलं." "लिही मग," म्हणाले, आणि ताट पुढे केलं.

पण न पाहिलेलं पाखरू ह्यांनी जन्मात कधी लिहिलं नव्हतं. माझ्या सहा वर्षांपायी त्यांची सगळीच वही खोटी ठरली असती.

मुलगी परत आली. मी म्हटलं, "ही शेवटची सहा वर्षं खोडून टाक बाई. ते घुबड माझं आहे."

तिचं पेन थांबलं. "मग पट्टी जाईल, आजी."

"ठाऊक आहे."

"तीन संध्याकाळी कान देऊन बसायचा नियम आहे. तुम्हीही या."

बसलो. पानं वाजली, दूरवर कुत्रं भुंकलं. बाकी काही नाही. तिसऱ्या संध्याकाळी तिनं हळूच विचारलं, "आजोबांना ऐकू यायचं?"

"सुई पडली तरी," मी म्हणाले, आणि जागच्या जागी थिजले. ढोली आमच्या अंगणापासून साठ पावलांवर. सहा वर्षं तो माणूस हीच शांतता ऐकत होता. ऐकून म्हणत होता, "लिही मग."

घरी येऊन मी त्यांची वही उघडली. तारीख घातली. 'ढोली रिकामी.'

पुढच्या आठवड्यात पूर्वेकडच्या झाडांवर तोडीचे पांढरे पट्टे आले. ढोलीच्या झाडावरचा माझ्या खांद्याच्या उंचीवर आहे. तेही मी लिहून ठेवलं.